जोडतासिकेचे गणित : ७० मिनिटांच्या तासात शिकवायचे कसे?

ऐरोलीत मी ज्या शाळेत शिकवते ती दोन अधिवेशनांत भरते. सकाळची मुले फाटकाबाहेर पडत असतात तेव्हाच दुपारची मुले दप्तरे सांभाळत रांगेत उभी असतात, त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही टोकाला पाच मिनिटे वाढवून घेण्याची सोय नाही. परिपाठ, मधली सुट्टी आणि ३५ मिनिटांच्या ८ तासिका एवढ्यातच सगळे बसवावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या जागेची अडचण असलेल्या अनेक शाळांची हीच स्थिती आहे. म्हणून तासिका लांब करण्याची चर्चा निघाली की पालकांना वाटते तसा शाळेचा वेळ वाढत नाही. तोच वेळ फक्त वेगळ्या ठिकाणी कापला जातो.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवे. भागाकार केला तर दिवसाला साडेचार तासांहून थोडे अधिक येते. या साडेचार तासांचे आठ तुकडे करायचे, की काही तुकडे जोडून मोठे करायचे, एवढाच प्रश्न आहे. दोन लागोपाठच्या तासिका एकाच विषयाला दिल्या की तिला आपण जोडतासिका म्हणतो. चित्रकला, कार्यानुभव आणि कनिष्ठ महाविद्यालयातील प्रात्यक्षिके यांच्यासाठी ती पूर्वीपासून आहे. २०२३ च्या राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम आराखड्याने ती सोय इतर विषयांसाठीही पुढे आणली असून, सहावी ते आठवीला ४० मिनिटांची तासिका आणि गरजेप्रमाणे ८० मिनिटांची जोडतासिका, तर नववीपासून ५० आणि १०० मिनिटे अशी रचना सुचवली आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांनी १९९० च्या दशकात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. तिथे दोन पद्धती रूढ झाल्या. एका पद्धतीत रोज सुमारे दीड-दीड तासाचे चारच विषय घेऊन ते अर्ध्या वर्षात संपवतात, आणि दुसरीत आठ विषय वर्षभर चालतात, मात्र ते एक दिवसाआड येतात.

लांब तासिकेचा पहिला फायदा सहज दिसतो. ३५ मिनिटांपैकी आधीचे शिक्षक वर्गाबाहेर पडणे, फळा पुसणे, हजेरी, वह्या काढणे आणि शेवटी गृहपाठ सांगणे यात ८ ते १० मिनिटे जातात. दोन तासिका जोडल्या की ही मिनिटे एकदाच खर्च होतात. पण तेवढ्यासाठी सगळे वेळापत्रक मोडून नवे लावावे असे मला वाटत नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे. छोट्या तासिकेत शिक्षकाचे समजावून सांगणे होते आणि घंटा वाजते. मुलाने स्वतः करून पाहण्याचा भाग गृहपाठ म्हणून घरी जातो, तिथे तो चुकतो किंवा क्लासमधून तयार उत्तर घेऊन येतो, आणि त्याची मूळ चूक आपल्या नजरेस पडते ती आठवड्याने वह्या तपासताना, जेव्हा वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. लांब तासिकेत करून पाहणे, चुकणे, ती चूक शिक्षकाला दिसणे आणि ती दुरुस्त होणे हे सारे एकाच बैठकीत होऊ शकते. असे फेरे ज्या जोडतासिकेत होत नाहीत, ती नुसती लांबलेली तासिका असते.

हे मला पहिल्या वर्षी कळले नव्हते. मुख्याध्यापकांनी भूगोलाला आठवड्यातून एक जोडतासिका दिली तेव्हा मी दोन दिवसांच्या पाठांचे टाचण एकाखाली एक लिहिले आणि वर्गात जाऊन सलग ५० मिनिटे बोलले. उरलेल्या २० मिनिटांत प्रश्नोत्तरे लिहून दिली. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने तेवढ्या वेळात वहीच्या समासात वर्गातला पंखा काढला होता, जाळीच्या तारा मोजून. चित्र उत्तम होते, त्यामुळे रागवण्याचे धैर्यही झाले नाही.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकायला मिळते की मुलांचे लक्ष दहा-पंधरा मिनिटेच टिकते. प्रशिक्षणांमध्ये ते इतक्या वेळा सांगितले जाते की त्याला पुरावा असणारच असे वाटते. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक नील ब्रॅडबरी यांनी २०१६ साली या समजुतीमागचे संशोधन तपासले तेव्हा तिला भक्कम आधार सापडला नाही, आणि कोण व कसे शिकवते याने लक्षात मोठा फरक पडतो असे त्यांनी मांडले. त्याआधी २०१० मध्ये डायन बन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती बटणे देऊन, लक्ष भरकटले की ती दाबायला सांगितले होते. तेव्हा असे दिसले की लक्ष एकदाच संपून जात नाही, ते थोड्याथोड्या वेळाने जाते आणि परत येते. प्रात्यक्षिक किंवा प्रश्न सुरू असताना ते कमी वेळा जाते, आणि विशेष म्हणजे त्यानंतर लगेच येणाऱ्या व्याख्यानातही कमी जाते. म्हणून दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे पाहून काहीतरी ‘उपक्रम’ घुसवण्याची गरज नाही. आपले बोलणे आणि मुलांचे करणे एकमेकांत गुंतलेले असले म्हणजे झाले.

लक्षापेक्षा मोठी अडचण स्मृतीची असते. नवी माहिती डोक्यात हाताळण्यासाठी जी तात्पुरती जागा असते तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिच्यात एका वेळी सुमारे चारच गोष्टी मावतात, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडले. ओटा लहान असला की चिरलेली भाजी कढईत गेल्याशिवाय पुढची जुडी घेता येत नाही, तसेच हे आहे. आधी सांगितलेले मुलाने वापरून, जुन्या माहितीशी जोडून बाजूला ठेवल्याशिवाय पुढचे ठेवायला जागाच नसते. ३५ मिनिटांत माझ्याकडून चार-पाचच नव्या कल्पना सांगून होत, म्हणून ओटा भरेपर्यंत घंटा वाजून जायची. ७० मिनिटे मिळाल्यावर मी आठ-नऊ सांगितल्या, आणि निम्म्या खाली सांडल्या.

आता हे कसे बदलले ते एका धड्यावरून सांगते. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे. आमच्या मुलांना ठाणे खाडी परकी नाही. पुलावरून जाताना कधी पाणी दिसते तर कधी नुसता चिखल, हे सगळ्यांनी पाहिलेले असते, आणि खाडीकाठच्या केंद्रातून निघणाऱ्या फ्लेमिंगो पाहण्याच्या बोटीची वेळ रोज वेगळी असते हेही निम्म्या वर्गाला माहीत असते. म्हणून जोडतासिकेच्या सुरुवातीला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : बोटीची वेळ रोज का बदलते? धड्याचे नावही लिहिले नाही. प्रत्येकाने आधी कच्च्या वहीत दोन ओळींत स्वतःचा अंदाज लिहायचा, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचा. यात ६ मिनिटे गेली. ‘पर्यटक कमी-जास्त असतात म्हणून’ असेही एक उत्तर आले, आणि ते मी मुद्दाम फळ्यावर राहू दिले.

बोट भरतीच्या पाण्यावरच सुटते, म्हणून मग भरती का येते हे मी समजावून सांगितले. चंद्राचे आकर्षण, पृथ्वीच्या दोन बाजूंना येणारा पाण्याचा फुगवटा आणि त्याखालून फिरणारी पृथ्वी या तीनच गोष्टी, १२ मिनिटांत, एक चेंडू आणि एक लिंबू हातात घेऊन. अमावास्या-पौर्णिमेची मोठी म्हणजे उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमाराची लहान म्हणजे भांगाची भरती मी जाणूनबुजून सांगितली नाही. ओट्यावर तेवढी जागा नव्हती.

त्यानंतर पुढच्या बाकावरची मुले मागे वळून बसली आणि चार-चारांचे गट झाले. बाके हलवायची नाहीत, माणसे वळवायची, हा पन्नास मुलांच्या वर्गातला माझा नियम आहे, कारण बाके ओढण्यात पाच मिनिटे जातात आणि खालच्या मजल्यावरून पर्यवेक्षक वर येतात ते वेगळेच. प्रत्येक गटाला लागोपाठच्या आठ दिवसांच्या भरतीच्या वेळा दिल्या. कालच्या आणि आजच्या वेळेत किती मिनिटांचा फरक आहे ते काढायचे, आणि सगळ्या फरकांची सरासरी काढायची. हे काम सांगायला सोपे आहे, पण वेळांची वजाबाकी मुलांना भलतीच अवघड जाते. १० वाजून ४८ मिनिटे आणि ११ वाजून ३० मिनिटे यांतला फरक सात-आठ मुलांनी ८२ काढला, कारण त्यांच्या लेखी एका तासात १०० मिनिटे होती. छोट्या तासिकेत हे मला कधीच दिसले नसते. मी वर्गात फिरत होते म्हणून दिसले, आणि गणिताच्या बाईंची वाट न पाहता तिथल्या तिथे ५ मिनिटे खर्चून ते दुरुस्त करता आले.

गट फिरून झाल्यावर एक मुलगा तक्रारीच्या सुरात म्हणाला, “बाई, पुस्तकात ५० मिनिटं आहे, आमचं ५० येतच नाही. कधी ३८ येतं, कधी तासाच्या वर जातं.” त्याचे बरोबर होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती रोज कमी मिनिटांनी पुढे सरकते आणि अष्टमीच्या आसपास जास्त. ५० ही सरासरी आहे. मी हे लगेच सांगितले नाही. “का बरं?” एवढे विचारले आणि गप्प राहिले.

या गप्प राहण्याविषयी थोडे सांगायला हवे. विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्गांतील ध्वनिमुद्रणे ऐकली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे त्यांना आढळले. तेच थांबणे तीन सेकंदांच्या पुढे गेले की मुलांची उत्तरे लांब होतात, ‘माहीत नाही’चे प्रमाण घटते आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण पन्नास चेहऱ्यांसमोर उभे राहून मोजून पाहा. अभ्यासक्रम मागे पडल्याची टोचणी असलेल्या शिक्षकाला ३५ मिनिटांच्या तासात ते जमतच नाही. लांब तासिका मला जे देते त्यात ही शांतता मी सर्वांत वर ठेवीन.

त्या दिवशी शांततेनंतर उत्तर आले नाही, पण दुसरा प्रश्न आला : सरासरी तरी ५०च का? इथे मला धड्याचा गाभा मिळाला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे, हे रेखावृत्तांच्या धड्यात झालेले होते. चंद्र एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस घेतो. मग तो रोज किती अंश पुढे जातो? भागाकार करायला गटांना ४ मिनिटे लागली आणि उत्तर आले १२.२. त्याला चाराने गुणले की जवळजवळ ४९ मिनिटे. म्हणजे काल जिथे चंद्र डोक्यावर होता तिथे आज पुन्हा त्याच्याखाली येण्यासाठी पृथ्वीला एवढा जादा वेळ फिरावे लागते, आणि बोटीची वेळही तेवढीच पुढे जाते. एक मुलगी म्हणाली, “मग वरचं एक मिनिट कुठे गेलं?” पृथ्वी तेवढे अंतर गाठते तोवर चंद्र आणखी किंचित सरकलेला असतो, हे तिच्याच गटातल्या मुलाने लिंबू पुढे ढकलून दाखवले. मी फक्त मान हलवली.

शेवटची ८ मिनिटे पुस्तके मिटवून घेतली. फळ्यावरचा पहिला प्रश्न तसाच होता. प्रत्येकाने स्वतःच्या पहिल्या अंदाजाखाली आता नवे उत्तर लिहायचे आणि वही माझ्याकडे द्यायची. पर्यटकवाल्या मुलाने आपली ओळ खोडली नव्हती. तिच्याखाली ‘हे पण असेल पण मुख्य चंद्र’ असे लिहिले होते. त्या पन्नास वह्या मी गावदेवीच्या रिक्षात बसून चाळल्या तेव्हा बारा मुलांना फुगवटा दोन बाजूंना का येतो हे कळले नसल्याचे दिसले. पुढच्या तासिकेचे टाचण आपोआप तयार झाले.

एवढे वर्णन वाचून जोडतासिका म्हणजे निव्वळ लाभ असे वाटेल. तसे नाही. तिची एक किंमत आहे आणि ती विस्मरणात चुकवावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. चार दिवस रोज थोडे भेटणारा विषय आता दोनदाच भेटणार असेल, तर ही अंतराअंतराची उजळणी हातची जाते. अमेरिकेतल्या ज्या शाळा विषय अर्ध्या वर्षात संपवतात तिथे तर मूल गणित संपवून पुढचे गणित थेट आठ महिन्यांनी किंवा वर्षाने घेते, असे होऊ शकते. तिथल्या लांब तासिकांच्या अभ्यासांत गुणांबाबत एकमुखी निष्कर्ष निघालेला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

यावर उपाय आहे, पण तो रोज करावा लागतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून प्रत्येक तासिकेची पहिली ५ मिनिटे मी वही न उघडता लिहायच्या तीन प्रश्नांना देते. त्यातला एक मागच्या तासाचा, एक मागच्या आठवड्याचा आणि एक त्याहून जुना असतो. गुण द्यायचे नाहीत, वहीवर लाल शाई नाही. मुलांनी तिला ‘बिनमार्कांची परीक्षा’ असे नाव दिले आहे.

याच कारणाने सगळे विषय जोडतासिकेत घालू नयेत असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीचे उच्चार, हिंदीचे व्याकरण, पाढे आणि बीजगणितातला सराव यांना रोज थोडे थोडे मिळणेच मानवते. आणि पहिली-दुसरीच्या मुलांपुढे ७० मिनिटांचा एक विषय ठेवण्याचा विचारही करू नये. विज्ञानाचे प्रयोग, भूगोलातील नकाशे व आकडेवारी, निबंध लिहून तो पुन्हा लिहिणे, इतिहासातील एखाद्या साधनाचा बारकाईने विचार करणे, यांना लांब तास लाभतो. वर्गाचे गट करून प्रत्येकाने धड्याचा एक भाग शिकायचा आणि मग गट मोडून इतरांना शिकवायचा, ही जिगसॉ पद्धत लांब तासासाठी नेहमी सुचवली जाते. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी ती १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. पन्नासच्या वर्गात मला ती एकदाही नीट जमलेली नाही, म्हणून मी तिची शिफारस करत नाही.

दोन व्यावहारिक अडचणी उरतात. जोडतासिकेच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलाचे दुप्पट नुकसान होते, आणि करून पाहण्याचा अनुभव मित्राच्या वहीतून उतरवून मिळत नाही. म्हणून पुढच्या एकेरी तासिकेत गैरहजर मुलांना त्यांच्या गटातल्या कोणीतरी १० मिनिटे शिकवायचे, अशी सोय मी ठेवली आहे. शिकवणाऱ्याची उजळणीही त्यातच होते. दुसरी अडचण शिक्षकाच्या रजेची. ३५ मिनिटांची बदली तासिका कोणीही गोष्ट सांगून निभावून नेते, पण ७० मिनिटांत वर्गाचा बाजार होतो. स्टाफरूमच्या कपाटात प्रत्येक विषयाचे एक पाकीट ठेवून त्यात तासभर पुरेल असे, शिक्षकाशिवाय करता येण्याजोगे काम आधीच घालून ठेवणे हाच त्यावरचा इलाज आहे.

टाचण लिहिण्याचा क्रमही बदलावा लागतो. मी आता शेवटच्या ८ मिनिटांत मुले काय लिहून देतील ते सर्वांत आधी लिहिते, मग ते लिहिता येण्यासाठी त्यांनी काय करून पाहायला हवे ते, आणि त्यासाठी मला काय सांगावे लागेल ते सर्वांत शेवटी. असे उलटे लिहिले की माझ्या बोलण्याचा भाग २० मिनिटांवर कधी जात नाही. एकूण वेळेतली ५ मिनिटे कशालाच देत नाही, कारण ८२ मिनिटांसारखे काहीतरी दर वेळी निघतेच.

आणि वेळापत्रक लावणाऱ्यांकडे एक मागणी आहे. तिसरी आणि चौथी तासिका जोडायची आणि मध्ये १५ मिनिटांची सुट्टी ठेवायची, असे अनेक शाळांत होते. कागदावर ती जोडतासिका दिसते, प्रत्यक्षात गट मोडतात, डबे उघडतात, कोणाचा तरी गुडघा फुटतो आणि परत आल्यावर फळ्यावरचा प्रश्न कोणाला आठवत नाही. शनिवारच्या अर्ध्या दिवसातही ती टाकू नये. आमच्याकडे या वर्षी भूगोलाची जोडतासिका मंगळवारी पहिली-दुसरी आहे, परिपाठानंतर लगेच, आणि तिच्या पुढची एकेरी तासिका शुक्रवारी ठेवून घेतली आहे, म्हणजे मधल्या तीन रात्रींत काय पुसले गेले ते त्या पहिल्या ५ मिनिटांत कळते.